गटाचे काम, जागतिक वाटाघाटी आणि मधली पायरी

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो लगेच लक्षात येईल. तुमचा तीसेक कुटुंबांचा गट आहे. चार वर्षे तुम्ही रोपे लावली, सायकल फेऱ्या काढल्या, घरोघरी जाऊन वीजबचतीची माहिती दिली. दरवर्षी संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरते आणि दरवर्षी तिथून निराश करणारी बातमी येते. आता गटात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की आपले सारे काम दर्यामें खसखस आहे, तेव्हा जागतिक पातळीवर आवाज उठवावा. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की तिकडे नुसती भाषणे होतात, आपण आपले काम करत राहावे. त्यातच एका देणगीदाराने परिषदेला एक प्रतिनिधी पाठवण्याचा खर्च उचलायची तयारी दाखवल्यामुळे वाद पेटला आहे.

मी गेली एकोणीस वर्षे या क्षेत्रात आहे. बहुतेक काळ तुमच्यासारख्याच गटांबरोबर गेला आणि दोन वेळा निरीक्षक म्हणून वाटाघाटींच्या दालनात मागच्या रांगेत बसण्याची संधी मिळाली. तुमच्या दोन्ही तटांचे म्हणणे मला अर्धे अर्धे पटते. पण "इथे की तिथे" असा प्रश्न मांडला की उत्तर कोणतेही निघाले तरी गट थकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तुमची खरी अडचण जागेची नाही. चार वर्षांत तुम्ही जे केले त्यातून कोणी, कोणता निर्णय बदलावा अशी तुमची अपेक्षा होती, हे गटाने कधी ठरवलेलेच दिसत नाही.

पहिल्या तटाचा आक्षेप आकड्यांचा आहे, म्हणून त्याला उत्तरही आकड्यांतच द्यायला हवे. समजा, तुमच्या तीस कुटुंबांनी प्रत्येकी वर्षाला एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला. हे सोपे नाही. ज्या कुटुंबांचा वापर मुळातच कमी आहे त्यांना तर ते अशक्यच आहे. तरी तीस टन धरू. जगभरात जीवाश्म इंधने जाळून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १,२०० टन. तुमच्या गटाची वर्षभराची बचत म्हणजे जगाच्या उत्सर्जनातला एका सेकंदाचा चाळिसावा भाग झाला. हा हिशेब मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच बैठकीत फळ्यावर करून दाखवतो. काही जणांचे चेहरे उतरतात, एखादा दुसऱ्या बैठकीला येतच नाही. पण दोन वर्षे राबल्यावर हा आकडा कळण्यापेक्षा तो आधी कळलेला बरा. खारीचा वाटा ही कल्पना सुंदर आहे, परंतु त्या गोष्टीत सेतू बांधायचा हे ठरलेले होते आणि बांधणारेही कामाला लागलेले होते. इथे वाद नेमका त्यावरच चालू आहे.

थोडे विषयांतर करतो. प्रत्येकाने स्वतःचे "कार्बन पाऊलखुणांचे", म्हणजे आपल्या वापरामुळे किती कार्बन हवेत जातो याचे, गणित मांडावे, ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्यात २००० नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. म्हणून ती कल्पना खोटी ठरत नाही; स्वतःचा वापर मोजावा, असे मीही सांगतो. पण तेल विकणारा जेव्हा तेल वापरणाऱ्याला अपराधी वाटायला लावतो, तेव्हा चर्चा कोणत्या दिशेने ढकलली जाते आहे, याचे भान गटाने ठेवले पाहिजे.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. "तिकडे नुसती भाषणे होतात" हे म्हणणे रागातून आलेले आहे आणि तो राग समजण्यासारखा आहे. मात्र तिकडे गाडे का अडते, हे समजून घेतले तरच आपण कुठे जोर लावायचा ते ठरवता येते. १९९२ साली रिओ दि जानिरो येथे स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या हवामानविषयक करारात "समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या" हे तत्त्व मान्य झाले. ज्यांनी दीडदोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून संपत्ती उभी केली त्यांनी आधी आणि अधिक करावे, असा त्याचा अर्थ. जीवाश्म इंधनांतून आजवर झालेल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा साधारण एक चतुर्थांश आहे, आणि हा वायू शतकानुशतके हवेत टिकतो, हे लक्षात घेतले तर या तत्त्वामागचा न्याय कळतो. भांडण पुढे सुरू होते. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर कपातीची बंधने घातली गेली, पण अमेरिकेने त्याला मान्यता दिलीच नाही आणि कॅनडा २०११ मध्ये बाहेर पडण्याची घोषणा करून मोकळा झाला. दोघांनाही शिक्षा झाली नाही, कारण बाहेर राहणाऱ्याला किंवा बाहेर पडणाऱ्याला शिक्षा करणारे कोणी नव्हतेच.

शिवाय या परिषदांत मतदानाने निर्णय होत नाहीत. मतदानाच्या नियमावर देशांचे एकमत कधी झालेच नाही, त्यामुळे तीस वर्षे उलटली तरी सारे काही सर्वसहमतीने चालते. सर्वसहमती म्हणजे काय, हे दालनात बसल्याशिवाय नीट कळत नाही. पडद्यावर मसुदा असतो आणि वाद असलेला प्रत्येक शब्द चौकटी कंसात असतो. एका दुपारी मी एकाच परिच्छेदात अकरा कंस मोजले. संध्याकाळी सात वाजता ते नऊ झाले होते आणि अध्यक्षांनी त्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. पॅरिसमध्ये २०१५ साली तर शेवटच्या तासांत सारा करार एका क्रियापदावर अडला होता: श्रीमंत देश कपातीत पुढाकार "घेतील" की त्यांनी पुढाकार "घ्यावा"? पहिल्या रूपात बंधन होते, दुसऱ्यात सदिच्छा. अखेर "घ्यावा" राहिले आणि करार झाला.

पॅरिस कराराची रचना तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, म्हणून ती नीट पाहू. या कराराने प्रत्येक देशाला सांगितले की तुमचे उद्दिष्ट तुम्हीच ठरवा, दर पाच वर्षांनी नवे आणि आधीपेक्षा वरचढ उद्दिष्ट सादर करा आणि प्रगतीचा अहवाल उघडपणे द्या. उद्दिष्ट गाठले नाही तर दंड नाही. अनेकांना हा कराराचा मोठा दोष वाटतो. पण बंधन आणि दंडाची तरतूद असती तर बहुतेक मोठे देश आत आलेच नसते, हे क्योटोच्या अनुभवावरून दिसते. आणि करार अगदीच निष्फळ ठरला, असेही नाही. पॅरिसच्या वेळी शतकाअखेर ३ ते ३.५ अंश सेल्सियस तापमानवाढीचा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार सध्याच्या धोरणांनी ती सुमारे २.८ अंशांवर जाईल. ही वाढही भयावह आहे आणि १.५ अंशांच्या ध्येयापासून फार लांब आहे. तरी अर्धा अंश म्हणजे काही कोटी लोकांच्या आयुष्यातला फरक असतो.

मग दंड नसलेल्या करारातले वचन पाळायला देशाला भाग कोण पाडणार? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? दुसरे देश बांधणार नाहीत, कारण त्यांचे स्वतःचे हात बरबटलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांकडे तशी ताकद नाही. उरतात त्या देशातले न्यायालय, विधिमंडळ, नगरपालिका, वीज नियामक, वृत्तपत्रे आणि यांच्या दारात कागद घेऊन उभा राहणारा संघटित नागरिक. परिषदेत दिलेल्या वचनाची वसुली घरी होते. एकोणीस वर्षांनंतर मला या विषयावर खात्रीने सांगता येण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे, आणि तुमच्या दोन्ही तटांच्या नजरेतून नेमकी तीच निसटली आहे, असे मला वाटते.

मी तिला मधली पायरी म्हणतो. खालच्या पायरीवर तुमच्या गटाचे स्वतःचे काम असते, वरच्या पायरीवर देशांच्या वाटाघाटी असतात, आणि मध्ये अशी एखादी संस्था असते की जिच्या हातात नियम, पैसा किंवा यंत्रणा आहे आणि जी तुमच्या अर्जाला उत्तर द्यायला बांधील आहे. तुमची चार वर्षे खालच्या पायरीवर गेली. आता एक तट थेट वरच्या पायरीवर उडी मारू पाहतो आहे.

मधल्या पायरीवर काय घडू शकते, याची उदाहरणे सार्वजनिक आहेत. नेदरलँड्समध्ये उर्गेंडा नावाच्या संस्थेने ८८६ नागरिकांना सोबत घेऊन २०१३ साली स्वतःच्याच सरकारवर खटला भरला. १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन किमान २५ टक्क्यांनी तरी कमी करा, अशी मागणी होती, आणि तो आकडा त्यांच्या मनातला नव्हता. श्रीमंत देशांसाठी आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक अहवालांत आणि वाटाघाटींत तो वारंवार मान्य झालेला होता. २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २० डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. २०२० मध्ये देशाने ते उद्दिष्ट जेमतेम गाठले, आणि त्यात महासाथीच्या टाळेबंदीचाही हात होता, हे सांगायला हवे. पण मुद्दा असा की वरच्या पायरीवर उच्चारलेल्या एका आकड्याला खालच्या लोकांनी मधल्या पायरीवर कायद्याचे दात बसवले.

स्वित्झर्लंडमधले प्रकरण तर मी प्रत्येक गटाला तपशिलाने सांगतो. सरासरी वय त्र्याहत्तर असलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या संघटनेने, उष्णतेच्या लाटांत आमच्या वयाच्या स्त्रियांच्या जिवाला विशेष धोका आहे आणि सरकार पुरेसे काही करत नाही, अशी तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेली. ९ एप्रिल २०२४ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यातली बारीक गोष्ट बघा: संघटनेबरोबर चार स्त्रियांनी वैयक्तिक तक्रारीही केल्या होत्या, त्या न्यायालयाने दाखल करून घेतल्या नाहीत, दाद मागण्याचा हक्क मान्य झाला तो संघटनेचा. गटाला काय किंमत असते, असे पुन्हा कोणी विचारले तर हे उत्तर द्या. निकालानंतर दोनच महिन्यांत तिथल्या संसदेने त्यावर नाराजीचा ठराव केला, म्हणजे तंटा संपलेला नाही. निकाल लागला की काम झाले, अशा भ्रमात कोणी राहू नये.

तिसरे उदाहरण तिन्ही पायऱ्या जोडणारे आहे. २०१९ साली दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या २७ विधी विद्यार्थ्यांनी वर्गातल्या चर्चेतून एक कल्पना काढली: हवामानाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? त्यांनी प्रशांत बेटांच्या सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतुच्या सरकारने कल्पना उचलली, इतर देशांना जोडून घेतले आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने मंजूर केला. २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिले की हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आपले उद्दिष्ट वाटेल ते ठरवण्याची मोकळीक त्यांना नाही, आणि कर्तव्यात कसूर केल्यास भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, ते थेट अमलात आणता येत नाही. पण आता कुठल्याही देशातल्या न्यायालयात ते पुढे ठेवता येते. इथे विद्यार्थी उठून थेट परिषदेला गेले नाहीत, हे लक्षात घ्या. ते आधी आपल्या सरकारांच्या दारात गेले.

इथपर्यंत मी उत्सर्जन कमी करण्याबद्दल बोललो. तुमच्या गटाच्या कामाची दुसरी बाजू अनुकूलनाची, म्हणजे बदललेल्या हवामानात जिवंत आणि सुस्थितीत राहण्याची आहे, आणि तिथे हिशेब पूर्ण उलटा होतो. वाचवलेला एक टन साऱ्या जगात वाटला जातो. वाचवलेला एक जीव मात्र तिथल्या तिथे दिसतो. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर तिथे सरकार आणि रेड क्रॉस यांच्या सहकार्याने स्वयंसेवकांची चक्रीवादळ पूर्वतयारी योजना उभी राहिली. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे एक लाख चाळीस हजार बळी गेले आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. इशारा पोहोचूनही घरच्या पुरुषांच्या परवानगीवाचून अनेकजणी निघाल्या नाहीत, आणि निवाऱ्यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाही नव्हती. त्यातून धडा घेऊन निवारे वाढवले गेले आणि योजनेत स्त्री स्वयंसेवक आणल्या गेल्या. आज सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवकांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या सिद्र वादळात मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास राहिले, २०२० च्या अम्फानमध्ये सुमारे दोन डझन.

ही घट उपग्रह, हवामानशास्त्र आणि पक्के निवारे यांच्यामुळेही झाली, त्यामुळे सारे श्रेय स्वयंसेवकांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण तिथल्या व्यवस्थेचे शेवटचे टोक पाहा. वादळ जवळ येईल तसे खांबावर एक, मग दोन, मग तीन झेंडे चढतात. हातकर्णा घेतलेली ओळखीची बाई दारात येऊन सांगते की आता निघायचे. उपग्रहाची सूचना शेवटी त्या ओळखीच्या आवाजातच घरात शिरते. असे काम परिषद करू शकत नाही आणि मंत्रालयही करू शकत नाही. त्यासाठी गटच लागतो.

ऊर्जेच्या बाबतीत डेन्मार्कमधल्या साम्सो बेटाचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, आणि बहुतेक वेळा अर्धवट दिले जाते. सुमारे चार हजार वस्तीच्या या बेटाने दहा वर्षांत आपल्या गरजेएवढी वीज वाऱ्यापासून तयार करून दाखवली. २००० साली जमिनीवर एक मेगावॉटच्या अकरा पवनचक्क्या आणि २००३ मध्ये समुद्रात आणखी दहा उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही शेतकऱ्यांच्या मालकीच्या, काहींत सामान्य रहिवाशांचे भाग होते, आणि म्हणून "आवाज होतो, दृश्य बिघडते" ही कुरकुर तिथे फारशी वाढली नाही. स्वतःच्या पवनचक्कीचा आवाज माणसाला गोड लागतो. एवढे सगळे सांगतात. सांगत नाहीत ते असे की सुरुवात १९९७ साली सरकारने घेतलेल्या स्पर्धेतून झाली होती आणि पवनविजेच्या खरेदीदराला सरकारी हमी होती. ती हमी नसती तर बँकेने कर्ज दिले नसते आणि भाग कोणी घेतले नसते. बेटावरच्या लोकांची जिद्द खरीच होती, तिला मधल्या पायरीने हात दिला. तुमच्याकडे तशी हमी नसेल, तर साम्सोची नक्कल करण्याआधी ती हमी मागणे हे तुमचे काम ठरते.

नेपाळमध्येही तसेच झाले. १९९३ च्या वन कायद्याने गावोगावच्या वापरकर्ता गटांना जंगल सांभाळण्याचा आणि त्यातून उत्पन्न घेण्याचा कायदेशीर हक्क दिला आणि असे बावीस हजारांहून अधिक गट उभे राहिले. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथले वनाच्छादन लक्षणीय वाढले. त्याला तरुणांचे स्थलांतर आणि पडीक राहिलेली शेतीही कारणीभूत आहे, परंतु हक्क हातात नसता तर गटांनी जंगल राखलेच नसते.

वृक्षारोपणाबद्दल तुम्ही वेगळे विचारले नाही, पण चार वर्षे तुम्ही तेच करत आहात, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझ्या पहिल्याच गटाने एका पावसाळ्यात सहाशे रोपे लावली. दोन वर्षांनी मोजली तेव्हा सत्तरही जिवंत नव्हती. दोष कोणाचा नव्हता; पाण्याची पाळी कागदावर होती आणि उन्हाळ्यात सगळे परगावी होते. रोपे किती लावली यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली, हाच आकडा खरा. आज मी झाडांचा सल्ला सावलीसाठी, पाणी मुरण्यासाठी आणि रस्त्यावरची उष्णता कमी करण्यासाठी देतो. कार्बनच्या नावाने देत नाही. तुमच्या झाडांवर कोणी कार्बन क्रेडिट (शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) मिळवून देतो म्हणाले, तर मोजणी कोण करणार, झाडे मेली तर पैसे कोण परत करणार आणि ते क्रेडिट घेणारा त्याच्या बदल्यात किती काळ धूर सोडत राहणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तरे आली नाहीत तर विषय तिथेच थांबवा.

मधली पायरी प्रत्यक्षात कशी दिसते, ते माझ्या एका गटाच्या वहीवरून सांगतो. शाळेत वापरतात तशी साधी दोनशे पानी वही होती. रकाने चार: तारीख, वेळ, मीटरचा आकडा, शेरा. गटातल्या दोन निवृत्त गृहस्थांनी सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या पंपघरातल्या विजेच्या मीटरची नोंद रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी परवानगी मिळवण्यातच दोन महिने गेले. पाच महिन्यांनी वही चाळताना शेऱ्याच्या रकान्यात "टाकी वाहत होती" हे शब्द एकतीस वेळा सापडले, आणि त्या प्रत्येक रात्री मीटर जवळजवळ सारखाच पुढे सरकलेला होता. टाकी भरल्यावर पंप बंद करणारी कळ बिघडलेली होती. माणूस सकाळी येऊन पंप बंद करत असे. गटाने वहीच्या झेरॉक्स प्रती, वाया गेलेल्या विजेचा हिशेब आणि कळ बदलण्याचा अंदाजे खर्च एका पानावर मांडून स्थानिक प्रशासनाकडे दिला. त्यांच्याच सरकारने जाहीर केलेल्या ऊर्जाबचतीच्या उद्दिष्टाचा उल्लेख अर्जाच्या पहिल्या ओळीत होता. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर कळ बदलली. पुढच्या वर्षी सगळ्याच पंपघरांच्या तपासणीसाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली.

त्या एका पंपाने वाचवलेली वीज तीस घरांनी दिवे मालवून वाचवलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो निर्णय गटाच्या उत्साहावर अवलंबून राहिला नाही. गट नंतर विस्कळीत झाला, पण तपासणी चालू राहिली.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. तुमच्या भागात माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क वापरता येतो का, यावर बरेच काही ठरते. जिथे प्रशासनाला प्रश्न विचारणे धोक्याचे आहे, तिथे माझा हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही; तिथे अनुकूलनाच्या कामापासून सुरुवात करणे सुरक्षित असते, कारण पूर किंवा उष्णतेपासून लोकांना वाचवण्याला सहसा कोणी उघड विरोध करत नाही. तुमच्या गटातली कुटुंबे किती वीज-इंधन वापरतात, यावरही उत्तर बदलते. जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांकडे एकूण उत्सर्जनाचा जवळजवळ निम्मा वाटा जातो, असे अंदाज आहेत. तुमची कुटुंबे त्या वर्गात मोडत असतील तर घरातल्या कपातीला अर्थ आहे आणि तिच्यावाचून तुमच्या मागणीला नैतिक वजनही येणार नाही. ती त्या वर्गात नसतील तर त्यांना आणखी कमी वापरायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. आणि गटात रोज दोन तास देऊ शकणारी माणसे किती आहेत, हा सर्वांत साधा आणि सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. माझ्या अनुभवात तीस कुटुंबांच्या गटात अशी माणसे चार असतात. आखणी त्या चौघांच्या बळावर करा.

म्हणून पुढच्या सहा महिन्यांसाठी माझी सूचना अशी आहे. आधी एक बैठक घेऊन आपल्या भागातला असा एकच निर्णय निवडा की जो कोणाच्या तरी सहीने बदलू शकतो: रस्त्यावरचे दिवे, कचरा जाळणे, उष्णतेच्या दिवसांत कामाच्या वेळा, पुराच्या सूचनेची व्यवस्था, सार्वजनिक इमारतींची वीज, काहीही चालेल. सही कोणाची, हे नाव आणि हुद्द्यासह लिहून काढा. ते सापडले नाही तर निवडलेला विषय चुकला आहे, दुसरा घ्या. नंतर तीन महिने त्या विषयाची नोंद स्वतः ठेवा, कारण मतांना कार्यालयात फारशी किंमत नसते, तारीखवार नोंदीला असते. त्याच काळात गटातल्या एकाने आपल्या देशाने पॅरिस कराराखाली सादर केलेले ताजे उद्दिष्ट वाचून काढावे. ते संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करार सचिवालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असते आणि वाटते तितके कठीण नसते. त्यातले कोणते वाक्य तुमच्या विषयाला लागू पडते, ते शोधून अर्जात वापरा. रोपे आणि सायकल फेऱ्या बंद करू नका. नवी माणसे गटात त्यामुळेच येतात. मात्र त्यांना गटाचे मुख्य काम समजणे थांबवा.

राहिला देणगीदाराचा प्रश्न. या वर्षी प्रतिनिधी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन आठवड्यांची ती परिषद म्हणजे हजारो लोकांची गर्दी असते आणि मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थेचे ओळखपत्र असल्याशिवाय वाटाघाटींच्या आवारात प्रवेशही मिळत नाही. हातात काही ठोस नसताना गेलेला माणूस बाहेरच्या मंडपांत व्याख्याने ऐकतो, छायाचित्रे घेतो आणि परतल्यावर गटाला काय सांगावे, या विवंचनेत पडतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे नेमके असेच झाले होते. देणगीदाराला विचारा की हेच पैसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतील का, किंवा त्यातून एका अर्धवेळ कार्यकर्त्याचे मानधन देता येईल का. वर्षभराने तुमच्याकडे भरलेली वही, एक मान्य किंवा अमान्य झालेला अर्ज आणि त्यावरचे लेखी उत्तर असेल. त्यानंतरही जावेसे वाटले तर शक्यतो जून महिन्यात जर्मनीतल्या बॉन येथे होणाऱ्या मधल्या सत्राला जा. तिथे गर्दी कमी असते, तांत्रिक मुद्द्यांवर काम चालते आणि स्वतःच्या देशाच्या प्रतिनिधींना मधल्या सुट्टीत गाठून दहा मिनिटे बोलता येते. जाताना वहीच्या त्या पानांच्या प्रती आणि प्रशासनाचे उत्तर सोबत न्या, आणि प्रतिनिधींना एवढेच विचारा की तुम्ही इथे लिहून दिलेले हे वाक्य आमच्या कार्यालयात अजून का पोहोचलेले नाही.